नरांचा पिंजरा

परवा वर्ध्याच्या बाजारात पिशवीला चेन बसवून घ्यायला गेले होते. शेजारच्या दुकानाबाहेर तारेचे पिंजरे एकावर एक रचून ठेवलेले, त्यांच्यावर हिरवी जाळी टाकलेली, आणि त्या जाळीखालून तो आवाज आला. घोगरा, तीन तुकड्यांचा. पहिले दोन आखूड आणि तिसरा लांबलेला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. लावा पक्ष्याचा नर असा ओरडतो. ज्यांना माहीत नाही त्यांना गंमत वाटते. दुकानासमोरची एक मुलगी आईचा हात ओढून हसत होती. मी मात्र चक्क मागं वळून पाहिलं, बाबांनी ऐकलं तर नाही ना म्हणून. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत.

मग वास आला. ओल्या भुशाचा, दाण्याच्या ढेपेचा, डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास. त्यात फक्त हळद कमी होती. चेनवाला दोनदा पिशवी पुढं करत होता आणि मी तिथं असून नसल्यासारखी उभी होते.

आम्ही नालवाडीला राहायचो. तेव्हा ती शहराला अशी चिकटलेली नव्हती. मधे बाभळी, बोरी, उघडं रान आणि सायकली जाऊन जाऊन पडलेली पायवाट. बाबा शाळेत मास्तर. पहाटे उठून ओसरीवर पेटीचरखा उघडायचा, स्वतःच्या सुताचे कपडे वापरायचे, आणि घरात कुणाचाही जीव घ्यायचा नाही असा कडक नियम. ढेकूण झाले की बाजा उन्हात टाकायच्या. मुंग्या आल्या की पिठाची चिमूट दूर नेऊन ठेवायची. उंदीर पिंजऱ्यात धरून बाबा स्वतः रानात सोडून यायचे. ते घरी पोचायच्या आत उंदीर घरी पोचलेले असतात, अशी आईची पक्की खात्री होती.

बाबांकडं दोन मराठ्या होत्या. एक शाळेची, धुतलेली, घडी घातलेली. दुसरी घरची, आईशी आणि माझ्याशी बोलायची. घरातही ते शाळेची मराठी बोलू लागले, की आम्ही समजायचो, आता काही खरं नाही.

काकाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मधू. आजी-आजोबा फार लवकर गेले. आईच्या लग्नात हा तिच्या शालूचा पदर धरून तिथंच झोपून गेला होता म्हणे, आणि मग तो पदर त्यानं कधी सोडलाच नाही. ती वहिनी कमी आणि आई जास्त. मॅट्रिकला नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला. मधमाश्या पाळल्या, त्या उडून गेल्या. साबण केले, ते फेसच देईनात. बाबा त्याला कधी टाकून बोलले नाहीत, पण जेवताना त्याच्याकडं पाहायचेही नाहीत. ते न पाहणं काकाजीला लागायचं. भाजी कितीही आवडीची असली तरी तो दुसऱ्यांदा मागायचा नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते त्या उन्हाळ्यात तो नागपूरहून गाडीनं आला तो मांडीवर टोपली घेऊन. आत कापूस आणि कापसात भुंग्याएवढी पिल्लं. तपकिरी, पाठीवर पिवळे पट्टे. जपानी लावे, तो म्हणाला. आमच्या रानात बटेर असतात तसेच, पण घरात राहणारे. तिकडं त्याच्या ओळखीचा एक ढोरांचा डॉक्टर होता, त्यानं दिले. माद्या रोज अंडं देतात, दवाखान्यातल्या अशक्त पेशंटांना ते पचतं.

आईनं टोपलीवर हात धरला. बाबांनी चरख्यावर धरलेला दोरा सोडला नाही.

"अंडं?" एवढंच म्हणाले.

काकाजी तयारी करून आला होता. "दादा, मादीजवळ नर नसला तं ते अंडं निर्जीव राह्यते. त्याच्यातून पिल्लू निंगतच नाई. दुधासारखं. तुमच्या आश्रमाच्या लोकायचंच म्हननं हाये हे."

बाबांना त्यांच्याच शब्दांत धरलं की त्यांना मानावंच लागायचं. मग त्यांनी हात थांबवला आणि शाळेच्या मराठीत बोलले.

"नर जन्मभर वेगळे ठेवशील. एकही पक्षी मारायला किंवा खायला कुणाला देणार नाहीस. आणि मधू, ज्या दिवशी या घरात रक्त सांडेल, त्या दिवशी पिंजरे बाहेर जातील. त्यांच्या मागोमाग तू."

"असं काऊन बोलता भरल्या घरात?" आई म्हणाली.

काकाजी हसला. "रक्त कायचं सांडते, वहिनी. अंडे देनारे पाखरं हायेत ते."

आम्हाला तो सौदा फार न्यायाचा वाटला. पहिल्या अटीनं सगळे नर एका पिंजऱ्यात येणार होते आणि दुसऱ्या अटीनं त्यांतला एकही कधी कमी होणार नव्हता, हे चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात आलं असतं.

ते सुरुवातीचे दिवस अजून माझ्या अंगावर आहेत. परसात चुलीच्या भिंतीला लागून काकाजीनं कामट्यांचे पिंजरे बांधले. छत मात्र गोणपाटाचं, सैल सोडलेलं. लावा दचकला की उभ्या उभ्या वर उडी घेतो. छत कडक असलं तर टाळू फुटतो, त्याला डॉक्टरनं सांगितलं होतं. सबंध दुपार त्या गोणपाटावर आतून टप टप उड्या वाजायच्या. पाण्याच्या बशीत गारगोट्या ठेवायच्या, नाहीतर पिल्लं त्यात बुडायची. काकाजी बांधावरची वारुळं खणून वाळवी आणायचा. बाबा घरी नसताना. वाळवीचाही जीव असतो, हा मुद्दा आम्ही घरात काढलाच नाही.

आई चुलीतली राख गाळून थाळीत घालायची आणि लावे त्यात लोळायचे, पंख फुगवून, डोळे मिटून. ते पाहायला ती कामं टाकून बसायची. माद्या अंडी घालू लागल्या त्या दिवेलागणीला. देवाजवळ दिवा लावायचा आणि लगेच परसात जायचं, अशी तिची रीतच झाली. कोमट, मुठीत सहज मावणारं अंडं, वर शाईचे शिंतोडे. प्रत्येक मादीचे ठिपके वेगळे आणि रोज तसेच. आई अंड्यावरून मादी ओळखायची. घरात ते कुणी खाल्लं नाही. काकाजी डब्यात सरकी काढलेला कापूस भरून, त्यात अंडी बसवून सायकलनं दवाखान्याकडं जायचा. तिथं त्याची वाट पाहिली जायची. वाट पाहिली जाणारा माणूस चालतो कसा, हे मी तेव्हा पाहिलं. एकदा जेवताना बाबांनी त्याच्याकडं पाहून विचारलं, "त्या कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा कसा आहे रे आता?" काकाजीनं त्या दिवशी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पाऊस लागला आणि नरांच्या छातीवर विटकरी रंग चढला. मग एका सकाळी तो आवाज आला, तीन तुकड्यांचा. भिंतीपलीकडच्या पिंजऱ्यातून माद्या बारीक शीळ घालायच्या, हे पेटायचे. ऐकायला मिळायचं, दिसायचं काही नाही.

श्रावणातल्या एका पहाटे आईनं मला हलवून उठवलं. बोट ओठांवर. परसात काकाजी उकिडवा बसलेला, हातात एक नर. त्याच्या डोक्याची कातडी सोललेली होती. एकमेकांना टोचून टोचून नरांनी गोणपाटावरही डाग पाडले होते. काकाजीचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस, पण त्या वेळी तो शाळेतून हाकलून दिलेल्या पोरासारखा दिसत होता.

"दादाले नोको सांगजो," तो म्हणाला.

आई हळदीचा डबा घेऊन आली.

त्यानंतर आमच्या सकाळी अशाच गेल्या. ओसरीवर बाबा सूत काढत आणि परसात आम्ही तिघं रक्त पुसत. मधे स्वयंपाकघर. चरख्याची घरघर चालू आहे तोवर आम्ही सुरक्षित. घरघर थांबली की आमचे हात थांबायचे. दोरा तुटला असेल, आई ओठांनी सांगायची. तेवढ्यात एखादा नर ओरडायचा आणि आई त्याच्या चोचीवर पदर धरायची. मग दोरा जुळायचा, पुन्हा घरघर सुरू व्हायची, आणि आम्ही श्वास सोडायचो. पिसांवर ओल्या कापसानं पुसायचं, जखमेत हळद दाबायची, डागाळलेला भुसा आईच्या लुगड्याच्या ओच्यात भरून शेणखड्ड्यात. रक्ताचा आणि हळदीचा मिळून एक वास होतो. तो बोटांना लागला की साबणानं जात नाही. कॉलेजात मी हात ओढणीखाली ठेवायचे.

काकाजीनं काय काय केलं नाही. पिंजऱ्यात गोणपाटाचे पडदे टाकले, ते त्यांनी फाडले. गावभरच्या टोपल्या मागून आणल्या, एकेकाला वेगळं झाकलं. एकटा ठेवलेला नर दिवसभर ओरडायचा आणि त्याचं ऐकून बाकीचे चवताळायचे. जे मेले ते आम्ही भेंडीच्या वाफ्यात पुरले. त्या वर्षी भेंडी जोमानं आली. बाबांनी वाखाणून खाल्ली. आईचा आणि माझा घास फिरायचा.

एकदा स्टेशनाकडचा एक हॉटेलवाला सायकल घेऊन फाटकाशी आला. सगळेच्या सगळे नर नेतो म्हणाला, आत्ता, याच टोपल्यांतून. मी मनातून म्हणत होते, देऊन टाक, काकाजी, दे रे. सगळं एका दुपारी मिटलं असतं. बाबांना कळलंही नसतं.

"नाई जमत," शेवटी तो म्हणाला. "जबान देल्ली हाये मीनं दादाले."

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी चरखा थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही. स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते. आईच्या मांडीवर नर, त्याच्या एका डोळ्याच्या जागी काही नव्हतं. तिची बोटं पिवळीलाल. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"केव्हापासून?" बाबांनी विचारलं.

"मीनं लपोलं," आई म्हणाली. "त्याले काई बोलू नोका. त्यानं तुमचा शब्द मोडला नाई. सारं मीनं केलं."

काकाजी उभा राहिला होता. मी त्याच्या हातांकडं पाहत होते. ते कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. बाबा पिंजऱ्याजवळ गेले, वाकले, आत डोकावले. मला वाटलं, आता. आता ते वाक्य येणार. पण बाबा वळले तेव्हा त्यांचा चेहरा रागीट नव्हता. त्यांना उत्तर सापडलं होतं.

"बंदिवासानं हे झालं आहे," ते शाळेच्या मराठीत म्हणाले. "कोंडलेला जीव हिंसक होतोच. आपण यांना सोडून देऊ."

"दादा, याइचे मायबापबी पिंजऱ्यातलेच हायेत. याइले वावर माहीत नाई."

"पाखराला रान शिकवावं लागत नाही, मधू."

ज्या माणसाचं घरात राहणं त्या क्षणी टांगलेलं होतं, तो आणखी काय बोलणार होता?

बाबांच्या एका मित्राचं वावर गावाबाहेर होतं. ज्वारी कणसात आलेली. ऊन नुकतंच चढत होतं आणि धाटांवरचं दव सुकत होतं. टोपल्या बाबांनी स्वतः उघडल्या, एकेक करून, हळुवार. "जा," म्हणाले.

कुणी गेलं नाही. लावे टोपलीतून उतरले आणि बांधावर आमच्या पायांशी उभे राहिले. एकानं धूळ पाहून लोळायला सुरुवात केली. काकाजीनं टाळ्या वाजवल्या, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टाळी ऐकून ते उलट त्याच्याकडंच धावले. त्याची टाळी म्हणजे दाणा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाबा गोंधळले. त्यांनी उपरणं हलवलं. दोघेतिघे ज्वारीत शिरले आणि घाबरून परत आले. मग उघड्यावर उभं राहून एकानं मान वर केली आणि तो तीन तुकड्यांचा आवाज दिला.

शिकरा कुठून झडपला ते दिसलंच नाही. मागून कावळे. बांधावरून राखणदाराचं कुत्रं धावत आलं. लावे उडालेच नाहीत. घरी सवय होती तशा उभ्या उभ्या वर उड्या मारत राहिले, आणि वर गोणपाट नव्हतं.

बाबा धावले. मी त्यांना तेवढं धावताना कधी पाहिलं नव्हतं. उपरणं फिरवत, कुत्र्यावर ओरडत, पडत, उठत, हाताला येईल तो पक्षी छातीशी धरत. आणि त्यांची शाळेची मराठी पार गळून गेली. "मधू, धर रे त्याइले, धर. अरे मरून राह्यले रे ते, मधू."

आम्ही थोडे वाचवले. फार थोडे.

घरी आलो तेव्हा आई फाटकातच उभी होती. तिनं बाबांचा शर्ट पाहिला, त्यांच्या स्वतःच्या सुताचा, पांढरा, आणि तोंडावर हात ठेवला. बाबा ओसरीवर बसले. चरखा शेजारी तसाच उघडा पडलेला. हात धुवायचंही त्यांना सुचलं नाही.

काकाजी त्यांच्यासमोर आला.

"दादा, जाऊ काय मी?"

बाबा खाली पाहत होते. आई दाराच्या चौकटीला टेकली होती. बोला, मी मनात म्हणत होते, काहीही बोला. पण बाबा बोलले नाहीत. काकाजी आत गेला, कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला आणि फाटकातून निघून गेला. सिंदीला त्याचा एक मित्र कापसाच्या जिनिंगमध्ये होता, तिथं त्यालाही काम मिळालं. आईनं माद्या आणि ते थोडे वाचलेले नर शेवटपर्यंत सांभाळले. दिवेलागणीला ती अंडी गोळा करायची आणि कुणाला द्यायची ते तिला कळायचं नाही.

काकाजी दिवाळीला यायचा. भांडण असं नव्हतंच काही. पण तो यायचा तेव्हा आम्ही त्याला खुर्ची द्यायचो, आणि तो त्या खुर्चीवर बसायचा. आईनं वाढवलेला तो माणूस चहाला "नको, नको" म्हणायचा. याहून वाईट काही मला आठवत नाही. आई गेली तेव्हाही तो पाहुण्यांच्या रांगेत उभा होता आणि मी त्याला ओढून पुढं आणलं.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मीच जवळ होते. एका दुपारी ते अचानक घरच्या मराठीत बोलले. "मी थांब म्हननारच होतो वं त्याले. तोंडात आलता शब्द. तोवर त्यानं चप्पल घातली." मी म्हटलं, बाबा, आता सांगा ना, मी बोलावते. त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. आणि मग वेळच राहिला नाही.

त्यांचं ते वाक्य मी इतकी वर्षं जवळ ठेवून होते. सांगून काय होणार, असं वाटायचं. परवा तो आवाज ऐकल्यावर मात्र पिशवी तशीच दुकानात टाकली आणि सिंदीची बस धरली.

काकाजी अंगणात बाजेवर बसला होता. आता कानानं कमी ऐकतो, गुडघे धरतात. मला पाहून सुनेला चहा सांगितला. मी त्याच्याशेजारी बसले आणि उगाच प्रस्तावना न करता बाबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्या बोलीत. एकदा नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं.

"असं म्हने दादा?"

"हो."

"चप्पल मीनं उलटी घातली होती, बाई," तो म्हणाला. "डाव्याची उजव्यात. जानूनबुजून. म्हटलं, कोनाचं तरी ध्यान जाईन. कोनी तरी म्हनन, अरे मधू, थांब, उलटी घातली तू."

सुनेनं चहा आणून ठेवला. त्यानं कप माझ्याकडं सरकवला.

"फाटकापर्यंत तसाच गेलो. मंग बदलून घेतली."